केसांची गोळी लपवून घेऊ नका

मे 2025 मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या, म्हणजे युरोपातल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, सुरक्षा समितीने, टकलावर दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडच्या गोळ्यांबद्दल निर्णय जाहीर केला. या गोळीमुळे काही जणांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ शकतात, हे समितीने मान्य केलं. नेमक्या किती जणांच्या मनात येतात ते सांगता येत नाही, पण हा दुष्परिणाम आहे हे पक्कं झालं. केसांसाठीच्या 1 मिलिग्रॅमच्या पाकिटात यापुढे एक छोटं कार्ड ठेवायचं आणि त्यावर हा धोका साध्या शब्दांत छापायचा, असंही ठरलं.

आपल्याकडे ही गोळी घेणारा पुरुष साधारण कोण असतो? वय पंचवीसच्या आसपास. नोकरी लागलेली, घरात लग्नाचं बघायला सुरुवात झालेली, आणि कपाळ दर दिवाळीच्या फोटोत थोडं मागे सरकलेलं. तो मोबाइलवर चार प्रश्नांची उत्तरं देतो आणि गोळ्या, सीरम, शाम्पू असा संच घरपोच येतो. बॉक्स कपाटात मागे ठेवला जातो. आईला माहीत नसतं, मित्रांना सांगितलं तर चेष्टा होईल म्हणून तेही नाही.

ही गोळी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. योग्य माणसाला ती उपयोगी पडते. पण तिच्याबद्दल कुणालाच न सांगण्याची जी सवय आहे, तिच्यामुळे छोटा धोका मोठा होतो. तो कसा, हे समजायला गोळी शरीरात काय करते तिथून सुरुवात करावी लागेल.

केस नेमके का जातात

केस जाण्याची कारणं बरीच आहेत. टायफॉइड, डेंगी, कोविडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस येतात आणि बहुतेकांचे पुन्हा उगवतात. थायरॉइड बिघडलं, लोह कमी झालं तरी केस गळतात. चाई पडते ती वेगळी, बुरशीमुळे जातात ते वेगळे. 2025 च्या सुरुवातीला बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत बायका, पुरुष, मुलं अशा सगळ्यांचे केस दोन-चार दिवसांत गेले. तिथे संशय शरीरात वाढलेल्या सेलेनियमवर गेला. या कशावरही फिनास्टेराइडचा उपयोग नाही. म्हणून पहिली गोष्ट, आपले केस कशामुळे जात आहेत हे कुणीतरी डोक्याला प्रत्यक्ष हात लावून, भिंगातून बघून ठरवायला हवं. मोबाइलवरच्या प्रश्नावलीला ते जमत नाही.

फिनास्टेराइड चालते ती पुरुषी टकलावर. कपाळाचे दोन कोपरे मागे जातात, टाळू विरळ होते, बाजूचे आणि मागचे केस राहतात, तो प्रकार. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. टक्कल फक्त आजोळकडून येतं असं म्हणतात, पण त्यात अर्धंच तथ्य आहे: एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, बाकीची अनेक दोन्हीकडून.

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक असतं. त्याचा काही भाग बदलून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचं जास्त जोरकस संप्रेरक तयार होतं. त्याला आपण डीएचटी म्हणू. हा बदल घडवणाऱ्या रसायनाला फाइव्ह अल्फा रिडक्टेज म्हणतात. हे नाव विसरलात तरी चालेल, त्याऐवजी पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. टेस्टोस्टेरॉन हा गहू, डीएचटी हे पीठ, आणि मधलं रसायन ही गिरणी. ज्यांच्या टाळूतली मुळं जन्मतःच डीएचटीला हळवी असतात, त्यांचा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. शेवटी नुसती लव उरते. फिनास्टेराइड ही गिरणी बंद पाडते. दिवसाला 1 मिलिग्रॅम गोळीने रक्तातलं डीएचटी साधारण 65 ते 70 टक्क्यांनी उतरतं.

गोळीचा उगम एका खेड्यात

डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशात सालिनास नावाचं खेडं आहे. तिथल्या काही कुटुंबांत अशी मुलं जन्मत होती, जी जन्मतः मुलींसारखी दिसत आणि बहुतेक वेळा मुली म्हणूनच वाढवली जात. वयात येताना मात्र त्यांचा आवाज फुटायचा, स्नायू भरायचे, लिंगाची वाढ व्हायची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या डॉ. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी त्यांचा अभ्यास करून 1974 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात कारण मांडलं: या मुलांत जन्मतःच ती गिरणी नीट चालत नव्हती. टेस्टोस्टेरॉन भरपूर, डीएचटी फार कमी. गर्भात बाह्य पुरुषी अवयव घडायला डीएचटी लागतं, ते नसल्यामुळे जन्मावेळी ओळख पटत नसे.

औषध कंपनीचं लक्ष गेलं ते आणखी दोन गोष्टींकडे. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहत होती, आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. मर्क कंपनीने गिरणी बंद करणारं औषध बनवलं. 1992 मध्ये ते 5 मिलिग्रॅमच्या डोसमध्ये, वाढलेल्या प्रोस्टेटसाठी अमेरिकेत मंजूर झालं. 1997 मध्ये 1 मिलिग्रॅममध्ये, प्रोपेशिया या नावाने, पुरुषी टकलासाठी.

गोळीची बाजू घेणारे याच कुटुंबांचा दाखला देतात. ही माणसं जन्मभर डीएचटीशिवाय ठणठणीत जगली, मग आपल्याला काय होणार? मला हा युक्तिवाद पटत नाही. ज्याचं शरीर पहिल्या दिवसापासून डीएचटीशिवाय घडलं आणि ज्याने पंचवीस वर्षं त्याच्यावर काढली, या दोघांची बरोबरी होत नाही. शिवाय त्या पुरुषांनाही दाढी विरळ येते, आणि अनेकांना मूल होण्यासाठी डॉक्टरी मदत लागते.

गिरणी फक्त केसांसाठी चालत नव्हती

डीएचटीचं काम प्रोस्टेटमध्ये आहे, वीर्य तयार होण्यात आहे, लैंगिक इच्छेत आहे. त्यामुळे काहींना गोळी सुरू केल्यावर इच्छा कमी झालेली जाणवते, ताठरता कमी पडते, वीर्याचं प्रमाण घटतं. क्वचित छातीत स्तनाच्या जागी गाठ किंवा सूज येते, दुखतं. असं झालं तर डॉक्टरांना दाखवायचंच, वाट बघायची नाही. काहींच्या वीर्यातले शुक्राणू घटल्याचे आणि गोळी थांबवल्यावर पुन्हा सुधारल्याचे दाखले आहेत. मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असतील तर ही गोष्ट डॉक्टरांपुढे सगळ्यात आधी मांडावी.

घरात गर्भवती स्त्री असेल तर तिने तुटलेल्या किंवा चुरा झालेल्या गोळीला हात लावू नये. पोटातल्या मुलग्याच्या अवयवांची घडण डीएचटीवर अवलंबून असते; सालिनासची गोष्ट इथेही लागू पडते. अख्ख्या गोळीवर लेप असतो, तिची भीती नाही. प्रोस्टेटची 5 मिलिग्रॅमची गोळी स्वस्त पडते म्हणून तिचे तुकडे करून घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ते तुकडे घरात उघडे ठेवू नयेत.

"पण आकडे तर अगदी लहान आहेत"

आहेत. मंजुरीच्या वेळच्या चाचण्यांत 945 पुरुषांना गोळी दिली आणि 934 जणांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. पहिल्या गटात 3.8 टक्के पुरुषांनी कोणता ना कोणता लैंगिक त्रास सांगितला, दुसऱ्या गटात 2.1 टक्के. म्हणजे हजार पुरुषांत 38 विरुद्ध 21. त्यातल्या 21 जणांना तो त्रास एरवीही झालाच असता, तेव्हा खुद्द गोळीच्या नावावर हजारी साधारण 17 लागतात. पुढे वर्षानुवर्षं गोळी घेत राहिलेल्यांत हे प्रमाण आणखी उतरलं. मात्र ज्यांना त्रास झाला त्यातले काही तोवर गोळी सोडून गेले होते, हे विसरून चालणार नाही.

शंभरातल्या जवळपास 98 जणांना या बाबतीत गोळीमुळे काही होत नाही, ही चांगली बातमी आहे आणि ती तशीच सांगितली पाहिजे. फायद्याचे आकडेही भक्कम आहेत: दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी 83 टक्के पुरुषांचे केस मोजणीत टिकले होते, न घेणाऱ्यांपैकी 28 टक्के.

पण चाचणीतला पुरुष आणि मोबाइलवरून मागवणारा पुरुष वेगळे असतात. चाचणीत 18 ते 41 वयाचे निरोगी लोक होते, त्यांना ठरावीक दिवशी कुणीतरी नेमके प्रश्न विचारत होतं. घरी एकटाच गोळी घेणाऱ्याला विचारायला कोणी नसतं.

"हे सगळं मनाचे खेळ आहेत"

असं म्हणणाऱ्यांच्या हातात एक खरा पुरावा आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात प्रोस्टेटच्या रुग्णांना 5 मिलिग्रॅम फिनास्टेराइड दिलं. काहींना सांगितलं की लैंगिक दुष्परिणाम होऊ शकतात, काहींना सांगितलं नाही. सांगितलेल्यांत 43.6 टक्क्यांनी त्रास नोंदवला, न सांगितलेल्यांत 15.3 टक्क्यांनी. नुसत्या अपेक्षेने त्रास जाणवण्याला नोसिबो परिणाम म्हणतात, आणि तो इथे उघड दिसतो.

यावरून दोन निष्कर्ष काढले जातात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला, रुग्णाला सांगूच नये. हे मला मान्य नाही; शरीर त्याचं आहे. आणि त्रास झाल्यावर तो इंटरनेटवर शोधणारच, तेव्हा डॉक्टरने लपवलं होतं हे कळलं की उरलासुरला विश्वासही जातो. दुसरा, सगळाच त्रास मनाचा. पण ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यातही शंभरातल्या पंधरांनी त्रास सांगितलाच. शिवाय ज्याची ताठरता भीतीमुळे गेली, त्याचाही त्रास खोटा ठरत नाही. त्यालाही मदत हवीच असते.

औषध मनापर्यंत पोहोचतं कसं

केसांच्या गोळीचा आणि उदासीचा संबंध काय, असं वाटणं साहजिक आहे. गिरणीकडे परत जाऊ. तिच्यात गहूच दळला जातो असं नाही, ज्वारीही दळली जाते. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक पुरुषांतही थोडं असतं, आणि त्याच गिरणीतून जाऊन, आणखी एका टप्प्यानंतर, त्याचं ॲलोप्रेग्नॅनोलोन होतं. हा पदार्थ मेंदूतल्या पेशींची खळबळ शांत करतो, चिंता आवरतो. 2019 मध्ये अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर एक औषध मंजूर झालं, ते म्हणजे हाच पदार्थ होता. म्हणजे मन सावरण्यात त्याचा हात आहे, ही नुसती कल्पना राहिलेली नाही.

या गिरण्या शरीरात एकाहून जास्त प्रकारच्या आहेत आणि फिनास्टेराइड सगळ्या सारख्याच बंद करत नाही. म्हणून बहुतेकांच्या मनावर काही परिणाम होत नसावा. काहींवर का होतो, हे विज्ञानाला अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

नियामकांच्या नोंदी मात्र हळूहळू कडक होत गेल्या. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2011 मध्ये माहितीपत्रकात नैराश्याचा उल्लेख आणला, 2012 मध्ये गोळी थांबवल्यावरही टिकणाऱ्या लैंगिक त्रासाचा, आणि 2022 मध्ये आत्महत्येच्या विचारांचा. ब्रिटनने 2024 मध्ये रुग्णांसाठी कार्ड आणलं. मग 2025 मध्ये युरोप.

युरोपच्या समितीपुढे आत्महत्येच्या विचारांच्या 325 नोंदी अशा आल्या, ज्यांचा औषधाशी संबंध असू शकत होता किंवा बहुधा होता. जवळपास सगळ्या फिनास्टेराइडच्या, थोड्या त्याच गटातल्या ड्युटास्टेराइड या औषधाच्या, आणि बहुतेक केसांसाठी घेणाऱ्यांच्या. याच्यासमोर फिनास्टेराइडचा वापर ठेवा: सुमारे 27 कोटी रुग्ण-वर्षे. एका माणसाने एक वर्ष औषध घेतलं की एक रुग्ण-वर्ष. त्या तुलनेत 325 फारच थोडे वाटतात. पण या नोंदी आपणहून कळवलेल्या असतात. मनात असे विचार येणारे किती तरुण ते डॉक्टरांना सांगतात, त्यातले किती डॉक्टर ते गोळीशी जोडतात, आणि त्यातले किती पुढे कळवतात? म्हणूनच समितीने प्रमाण "अज्ञात" असं लिहिलं.

"केस गेल्यामुळेच खचला असेल"

हे शक्य आहे. टक्कल पडू लागल्यावर उदास होणारे तरुण पुष्कळ आहेत, आणि लग्नाच्या बाजारात त्यांना जे ऐकून घ्यावं लागतं ते क्रूर असतं. मग दोष गोळीचा की टकलाचा?

2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडे जगभरातून येणाऱ्या दुष्परिणामांच्या नोंदींचं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात आत्महत्येचे विचार आणि नैराश्य यांच्या नोंदी फिनास्टेराइडच्या बाबतीत अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्या, विशेषतः 45 पर्यंतच्या आणि केसांसाठी औषध घेणाऱ्या पुरुषांत. दोष फक्त टकलाचा असता तर केसांनाच लावायच्या मिनॉक्सिडिल या दुसऱ्या औषधाच्या नोंदींतही तसंच दिसायला हवं होतं. तिथे ते दिसलं नाही. हा पक्का पुरावा नव्हे. 2012 नंतर वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर नोंदी वाढल्या, हेही त्याच अभ्यासाने मांडलं. पण प्रश्न टाळता येणार नाही, एवढं त्यातून नक्की होतं.

गोळी थांबवल्यावरही त्रास राहतो का

गोळी बंद केल्यावर साधारण दोन आठवड्यांत डीएचटी पूर्वीच्या पातळीवर येतं, आणि बहुतेकांचा त्रासही ओसरतो. थोडे पुरुष मात्र सांगतात की महिने, वर्षं उलटली तरी इच्छा परत आली नाही, संवेदना बोथट झाल्या, डोकं जड आणि धूसर राहतं, काही साध्य केलं तरी आनंद होत नाही. याला पोस्ट-फिनास्टेराइड सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांमध्ये यावर एकमत नाही. तो ओळखण्यासाठी रक्ताची तपासणी नाही, ठरलेला उपचार नाही, कारण सिद्ध झालेलं नाही.

त्यामुळे दोन टोकं तयार झाली आहेत. एका बाजूला हे सगळं झूट म्हणणारे, दुसऱ्या बाजूला एक गोळी घेतली की आयुष्य उद्ध्वस्त असं रंगवणारे व्हिडिओ. समोर बसलेल्या माणसाने सांगितलेला त्रास खरा धरून पुढे जायचं, एवढंच डॉक्टरच्या हातात आहे आणि तेवढं त्याने करायलाच हवं. कारण माहीत नसलेले पुष्कळ आजार वैद्यकाने आजवर तसेच सांभाळले आहेत.

"मग मी फक्त लावायचं औषध घेतो"

फिनास्टेराइड स्प्रे किंवा द्रावणाच्या रूपातही मिळतं, ते रक्तात कमी जातं. पण अजिबात जात नाही असं नाही. एका मोठ्या चाचणीत गोळीने रक्तातलं डीएचटी सुमारे 55 टक्के उतरवलं, तर स्प्रेने सुमारे 35 टक्के. युरोपच्या समितीने आत्महत्येच्या विचारांचा इशारा स्प्रेला लागू केला नाही, कारण तसा संबंध दिसला नाही. उलट एप्रिल 2025 मध्ये एफडीएने, मंजुरीच्या प्रक्रियेतून न जाता औषधालयात मिसळून विकल्या जाणाऱ्या लावायच्या फिनास्टेराइडबद्दल सावध केलं: 2019 ते 2024 या काळात त्यांच्याकडे 32 तक्रारी आल्या होत्या, नैराश्य, चिंता, निद्रानाश, ताठरता जाणं अशा. काही जणांना सांगण्यात आलं होतं की लावायचंच औषध आहे, काही होणार नाही. आपल्याकडेही "मिनॉक्सिडिल प्लस" अशा थाटाच्या बाटल्यांवर बारीक अक्षरांत फिनास्टेराइड लिहिलेलं असतं. बाटली फिरवून घटक वाचा.

ड्युटास्टेराइड हे या औषधाचं थोरलं भावंड. ते दोन्ही मुख्य गिरण्या बंद करतं, डीएचटी 90 टक्क्यांहून जास्त उतरवतं आणि शरीरात फार काळ रेंगाळतं: निम्मं बाहेर पडायलाच सुमारे पाच आठवडे. म्हणजे त्रास झाला तर ते लवकर काढून टाकता येत नाही. केसांसाठी त्याला दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये मंजुरी आहे, अमेरिकेत नाही. पहिलंच औषध म्हणून ते कोणी हातात ठेवत असेल तर का, असं जरूर विचारा.

मिनॉक्सिडिलचं काम वेगळं. ते संप्रेरकांना हात लावत नाही. मुळात ते रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून डोक्यावर लावून पाहिलं गेलं. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात आणि घाबरून लोक सोडून देतात; बहुतेकांचं ते गळणं थांबतं. डोकं खाजणं, कोंड्यासारखे पापुद्रे, कपाळावर लव, क्वचित छातीत धडधड किंवा पायांना सूज येऊ शकते. गोळीच्या रूपात घेतलं तर शेवटच्या दोन गोष्टी जास्त संभवतात, म्हणून हृदयाचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय नाही. डोक्याला लावून तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊ नका. युरोपात अशा बाळांच्या अंगावर केस वाढल्याच्या नोंदी आहेत. घरात मांजर असेल तर बाटली झाकून ठेवा, मांजरांना ते जीवघेणं ठरतं.

लपवल्यामुळे काय होतं

डॉक्टर विचारतात, "कुठली औषधं चालू आहेत?" उत्तर येतं, "काही नाही." मुलगा खोटं बोलत नसतो, केसांची गोळी त्याच्या हिशेबात औषधच नसते, ती शाम्पूच्या बाजूला ठेवलेली असते.

आता पुढचं बघा. त्याचं लग्न झालंय, इच्छा होत नाही, जमत नाही. बायकोला वाटतं, मी आवडत नाही. त्याला वाटतं, माझ्यातच खोट आहे. रेल्वेलाइनच्या भिंतीवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिरातीतला नंबर तो लावतो आणि कशात काय घातलंय हे माहीत नसलेल्या पुड्या घेऊ लागतो. गोळी चालूच असते. किंवा झोप उडते, मन लागत नाही, म्हणून तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. तिथे नैराश्यावरची गोळी मिळते, आणि त्या गटातली अनेक औषधंही लैंगिक इच्छा कमी करतात. दोन औषधांचा परिणाम एकावर एक चढतो आणि पहिलं औषध तर कुणाला ठाऊकच नसतं. केसांच्या संचात बायोटिनची गोळीही बहुधा असते. तिचा डोस मोठा असेल तर थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅकसाठीच्या काही रक्त तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. तेही लॅबला सांगितलेलं नसतं.

यातलं बरंचसं एका वाक्याने टळलं असतं.

म्हणून गोळी सुरू करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटा आणि पूर्वी कधी नैराश्य आलं असेल, घरात कुणाला असेल, जीव नकोसा वाटला असेल, तर ते सांगाच. आपली आत्ताची झोप, मनःस्थिती, लैंगिक आयुष्य कसं आहे ते चार ओळींत तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे तीन महिन्यांनी तुलना करायला काहीतरी हाती असेल. आणि घरातल्या किंवा मित्रांतल्या एका माणसाला सांगा: मी अमुक गोळी घेतोय, मी बदललेला वाटलो तर मला टोक. स्वतःचं मन उतरत जातं तेव्हा ते स्वतःला लवकर दिसत नाही, शेजारच्याला आधी दिसतं. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी ही गोळी नाही, केस कितीही गळत असले तरी.

हेही आधीच माहीत असावं की फरक दिसायला तीन ते सहा महिने, कधी वर्ष लागतं, आणि गोळी सोडली की मिळवलेलं वर्षभरात परत जातं. म्हणजे निर्णय एका पाकिटाचा नसतो, अनेक वर्षांचा असतो. तो विचार करून घेणाऱ्याला मी अडवणार नाही. केस जातायत तर जाऊ देत, असं ठरवणाराही तितकाच शहाणा.

आधीच घेत असाल तर

बरं चाललं असेल तर हा लेख वाचून घाबरून गोळी फेकायची गरज नाही. पण उदासी, अकारण चिंता किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर युरोपातल्या आणि ब्रिटनच्या नियामकांचा सल्ला स्पष्ट आहे: केसांसाठीचं फिनास्टेराइड लगेच थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. ही गोळी हळूहळू कमी करत आणावी लागत नाही. प्रोस्टेटसाठी घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवावं. रात्री-अपरात्री मनात नको ते येत असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जवळच्या माणसाला उठवा, त्याला वाईट वाटणार नाही.

गोळी चालू असताना, आणि थांबवल्यावर महिनाभर, रक्तदान करू नका. ते रक्त गर्भवतीला दिलं जाऊ शकतं. ड्युटास्टेराइडसाठी हीच मुदत सहा महिन्यांची. पन्नाशीच्या पुढे प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्त तपासणी करायची वेळ आली तर ही गोळी घेत असल्याचं सांगा. फिनास्टेराइडने पीएसएचा आकडा साधारण निम्मा दिसतो, आणि खरा वाढलेला आकडा डॉक्टरांना नॉर्मल वाटू शकतो.

काही त्रास झाला असेल तर तो कळवाही. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद भारतीय फार्माकोपिया आयोग ठेवतो. 1800-180-3024 या मोफत नंबरवर रुग्ण स्वतः सांगू शकतो, नाव गुप्त राहतं. गोळीचं नाव, डोस, कधी सुरू केली, कधी त्रास झाला, कधी थांबवली, एवढी माहिती जवळ ठेवून फोन करा. युरोपच्या समितीला "प्रमाण अज्ञात" असं लिहावं लागलं. आपल्याकडच्या पुरुषांनी कळवलंच नाही, तर आपलं प्रमाणही कधीच कळणार नाही.